वाडीवर एक तास

दहावीचा निकाल लागला की राज्यात पहिलं नाव कोकण विभागाचं येतं. रत्नागिरीत मुख्यालय असलेलं हे मंडळ २०१२ पासून परीक्षा घेतं आणि पहिला नंबर त्याने सोडलेला नाही. २०२४ साली राज्याचा दहावीचा निकाल ९५.८१ टक्के लागला, कोकणाचा ९९.०१. या आकड्यांचा अभिमान रास्तच आहे. पण हा हिशेब दहावीपर्यंत पोचलेल्या मुलांचा आहे. तिसरीतल्या मुलीला चार ओळींचा परिच्छेद न अडखळता वाचता येतो का, हे कुठल्याच निकालपत्रकात छापून येत नाही, आणि तिची पुढची सगळी वर्षं त्या चार ओळींवर उभी असतात.

शिकवणी हा शब्द उच्चारला की आज आपल्या डोळ्यांपुढे दहावी-बारावी, सीईटी, नीट, जेईई येतात. रत्नागिरी, चिपळूण, खेड या शहरांत क्लासच्या पाट्या चौकाचौकात दिसतात. ‘असर’ या घरोघर जाऊन केल्या जाणाऱ्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या पहिली ते आठवीच्या मुलांपैकी पैसे मोजून शिकवणीला जाणारी मुलं २०१८ मध्ये २६.४ टक्के होती, २०२२ मध्ये ती ३०.५ टक्के झाली. कायदा याकडे दोन बाजूंनी बघतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २८व्या कलमाने शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासमध्ये प्रवेश देऊ नये असं म्हटलं आहे. दोन्ही नियम बाजाराला आवर घालण्यासाठी आहेत. ज्या मुलाला खरोखर जादा वेळेची गरज आहे त्याच्याजवळ कुणी बसावं, याची तरतूद मात्र त्यांत नाही.

एकाला एक शिकवण्याची ताकद मोठी आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मांडलं, की एकेकटं बसवून शिकवलेलं सर्वसाधारण मूल नेहमीच्या वर्गातल्या शंभरापैकी अठ्ठ्याण्णव मुलांच्या पुढे जातं. नंतरच्या संशोधनात एवढा मोठा फरक दिसला नाही, पण फरक दिसलाच. कारण साधं आहे. शिकवणारा मुलाची चूक त्याच क्षणी बघतो आणि जिथे मूल अडलं तिथून उचलतो. वर्गाला पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या पानावर जायचं असतं.

रत्नागिरीला हे नवीन नाही. लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली याच गावात झाला. त्यांचे वडील गंगाधरपंत शाळामास्तर होते, संस्कृत आणि गणित दोन्हींत मुरलेले. मुलाचा पाया त्यांनी घरीच घातला. पाठ केलेल्या श्लोकामागे ते मुलाला एक पै देत, अशी आठवण चरित्रकार सांगतात. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीत राहिलं. पुढे ज्या शाळेत या मुलाला इतरांपासून वेगळं बसवलं गेलं, तिथे जे मिळालं नाही ते घरी वडिलांनी दिलं. मुंबईत परळच्या एका खोलीत ते पहाटे दोनला मुलाला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकत. घराबाहेर कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्यासारखा गुरू चर्नी रोडच्या बागेत भेटला आणि तो पुस्तकं देत राहिला.

आता महर्षी कर्वे. जन्म १८५८, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. वाढले दापोली तालुक्यातल्या मुरुडला. सहावीची सरकारी परीक्षा द्यायला हा मुलगा ऐन पावसात सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढे मुंबईत त्यांनी शिकवण्या करून स्वतःचं शिक्षण पुरं केलं. आपल्या नात्यातल्या, अंजर्ल्याजवळच्या मुर्डीच्या एका मुलाला त्यांनी मुंबईत स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. तो मुलगा म्हणजे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेला पहिला भारतीय. कोकणातल्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळा-कॉलेजांच्या स्थापनेची सालं आपण देतो. कुणी कुणाला घरी ठेवून घेतलं याची यादीही तेवढीच महत्त्वाची आहे.

पण टिळक आणि आंबेडकर यांच्या घरांत एक गोष्ट समान होती, वडील स्वतः शिक्षक होते. ज्या घरात पुस्तक वाचून दाखवणारं कुणीच नाही त्या घराचं काय, हा प्रश्न कर्व्यांनी म्हातारपणी हाती घेतला. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. लोकल बोर्डाची शाळा नाही अशा खेड्यांत शाळा उघडायची आणि मोठ्या माणसांची वाचायची सवय टिकवायची, ही दोन कामं त्यांनी एकाच वेळी धरली. मोठी माणसं वाचत राहिली तर मुलं वाचतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

याच प्रश्नाला दुसरं उत्तर उत्तर कोकणात मिळालं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना आणि तिचं नाव तिथलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. बाहेरून आणलेली महागडी साधनं परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, पानं, दगड हेच मोजायचं आणि जुळवायचं सामान झालं. घरगुती कृतींची पुस्तकं आज चकचकीत कागदावर छापली जातात, त्यांतलं बरंचसं कोसबाडला आधी होऊन गेलं आहे.

आजचा रत्नागिरी जिल्हा बघू. २००१ च्या जनगणनेत १६,९६,७७७ लोक होते, २०११ मध्ये १६,१५,०६९ उरले. राज्य वाढत असताना हा जिल्हा आकसला. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, म्हणजे कर्ते पुरुष मुंबई-पुण्याला आणि घरात आई, आजी, मुलं. वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, कित्येक शाळांचा पट वीसच्या आत, आणि दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या. पट कमी म्हणजे शिक्षक प्रत्येक मुलाला नावानिशी ओळखतो, ही मोठी जमेची बाजू. पण चौथीचा धडा चालू असताना दुसरीच्या तीन मुलांनी गप्प बसून अक्षर गिरवायचं, हेही तिथेच घडतं. त्या तिघांना हवा असतो रोजचा एक तास आणि शेजारी बसणारं एक माणूस.

असं माणूस कुठून आणायचं, याचं सगळ्यात पटणारं उत्तर मला मुंबईच्या वस्त्यांत सापडतं. ‘प्रथम’ संस्थेने नव्वदच्या दशकाच्या शेवटी ‘बालसखी’ उपक्रम सुरू केला. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी, महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन, आणि तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं. शाळेच्याच वेळात ती त्यांना दोन तास बाजूला बसवून मूळ वाचन आणि गणित शिकवायची. मुंबई आणि वडोदऱ्यात या उपक्रमाची काटेकोर तपासणी झाली. तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, २०१९ चे नोबेलविजेते. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागे असलेल्यांना झाला. ती मुलगी पदवीधर नव्हती, बी.एड. नव्हती. इयत्ता बाजूला ठेवून मूल जिथे आहे तिथून ती सुरुवात करत होती.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा अनुभवही आपल्या ग्रामसभांनी वाचावा असा आहे. तिथे गावोगाव सभा घेऊन लोकांना शिक्षणाची स्थिती सांगितली, गावच्या शिक्षण समितीचे अधिकार समजावले. मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. जिथे तरुण स्वयंसेवकांना शिकवायची पद्धत देऊन संध्याकाळचे वाचनवर्ग चालवले, तिथे वर्गाला बसलेली मुलं वाचू लागली. मात्र असे वर्ग लावणारी मुलं थोडीच होती. बोलावून आणण्याचं काम शिकवण्याइतकंच मोठं आहे.

आपलं मूल कुठे आहे हे घरच्या घरी दहा मिनिटांत कळतं. असरची पद्धत कुणालाही वापरता येईल. आधी सुटी अक्षरं, मग सोपे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. जिथे मूल थांबेल तिथून शिकवायला लागायचं. २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली, आणि २०२२ च्या मानाने ही मोठी सुधारणा होती. हे तपासताना शेजारणीचं मूल किती पुढे आहे ते काढू नये. मूल वाचताना अडलं की लगेच शब्द पुरवू नये, मनात पाचपर्यंत मोजावं.

घरच्या कृतींसाठी कोकणातल्या घराला काही विकत आणावं लागत नाही. झावळीचे हीर काढून झाडू बांधताना दहा-दहा हिरांच्या जुड्या केल्या की दशक समजला. सुटे उरले ते एकक. चैत्र-वैशाखात आंब्याची आढी लावताना दीड डझन, पाव पेटी हे अपूर्णांक हातातून जातात. काजूच्या बिया वाळवताना ओंजळीत किती असतील त्याचा अंदाज आधी बोलायचा आणि मग मोजायचं. आजीकडून पायली-शेराची मापं घेऊन एका पायलीत किती शेर मावतात ते तांदूळ ओतून बघायचं.

एक कृती जरा सविस्तर सांगतो. तिन्हीसांजेला परवचा म्हणणाऱ्या घरांत पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी असत. मुलांना वाटे हा निव्वळ घोकंपट्टीचा जाच. पण खाडीवरच्या आणि बंदरावरच्या माणसांना पाऊणकी रोज लागे, कारण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. सहावीतल्या मुलाला कालनिर्णयावरून तिथी बघायला लावा, वेळ काढायला लावा, आणि मांडवीच्या जेटीवर किंवा जवळच्या खाडीवर नेऊन पाणी कुठवर आलं ते बघू द्या. घड्याळ आणि पाढा यांत काही मिनिटांचा, कधी पाऊण तासाचाही फरक पडेल. तो वहीत लिहू द्या. पंधरा दिवस लिहिलं की तोच विचारेल फरक का पडतो, आणि मग सांगता येईल की भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, पाढा पंचेचाळीस धरतो, शिवाय प्रत्येक बंदराची वेळ थोडी वेगळी असते. गुणाकार, अपूर्णांक, चंद्र आणि समुद्र एका वहीत आले, क्लासची फी न भरता.

ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तिने काय करावं, हे विचारलं जातं. बिहार आणि राजस्थानात आयांना साक्षरता वर्ग आणि घरी करायच्या कृती दिल्या तेव्हा मुलांचा फायदा झाला. तो लहान होता, हेही सांगायला हवं. आपल्याकडे २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात वाडीवाडीतले माता गट बांधले गेले आहेत. ते जूनच्या मेळाव्यापुरते राहू नयेत. आईने मुलाला ‘आज काय वाचलंस ते मला सांग’ म्हणायचं आणि पुरं ऐकून घ्यायचं, एवढ्यानेही मूल शब्द जुळवू लागतं. ते संगमेश्वरी बोलीत सांगेल, दालदी कोकणीत सांगेल. सांगू द्यावं, टोकू नये. पुस्तकाची भाषा त्यावरच चढते.

२०२० साल आठवावं. मार्चपासून शाळा बंद, ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, दापोली-मंडणगडात शाळांची छपरं उडाली आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे विजेविना राहिली. मोबाइलवरचा अभ्यास तिथे पोचणं शक्यच नव्हतं. जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, घरातल्या वस्तू आणि परिसर घेऊन शिकवणारी चांगली मालिका. वीज आली त्या घरांना तिचा उपयोग झाला. त्याच वर्षी आफ्रिकेतल्या बोट्सवानात संशोधकांनी एक साधा मार्ग तपासला. आठवड्याला एक एसएमएस आणि पालक-मुलाशी वीस मिनिटांचा साधा फोन, त्यात गणिताचं एक उदाहरण. मुलांच्या गणितात सुधारणा झाली, पुढे भारतासह आणखी देशांत तसंच दिसलं. मुंबईत नोकरी करणाऱ्या बापाला हे आजच जमण्यासारखं आहे. रविवारचा फोन ‘जेवलास का, अभ्यास कर’ इथे संपतो. तो वीस मिनिटं चालवावा आणि त्यात एक उदाहरण दोघांनी मिळून सोडवावं.

माझं मत स्पष्ट आहे. शिकवणीवरचा पहिला रुपया दुसरी ते चौथीतल्या, वाचन न जमलेल्या मुलावर खर्च व्हायला हवा, बारावीवर नंतर. आणि तो रुपया एकट्या आईबापांच्या खिशातून यायचं कारण नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावोगावच्या वाड्यांची मुंबईत ग्रामस्थ मंडळं आहेत. देवळाचा जीर्णोद्धार, पालखी, सभामंडप, जूनचं वह्यावाटप ही सगळी कामं ती निष्ठेने करतात. माझी त्यांना विनंती आहे: पुढच्या सर्वसाधारण सभेत एक विषय वाढवा. वाडीतल्याच बारावी झालेल्या एका मुलीला दरमहा मानधन द्या, समाजमंदिराची किल्ली तिच्याकडे द्या, आणि शाळा सुटल्यावर रोज एक तास मागे पडलेली आठ-दहा मुलं तिच्याजवळ बसू द्या. कोणाला काय वाचता येतं ते शाळेतल्या गुरुजींना विचारून तिने आधी लिहून ठेवावं. शिमग्याला गावी याल तेव्हा पालखी नाचवून झाल्यावर त्या मुलांकडून एक गोष्ट वाचून घ्या.