लॅपटॉप चालूच होत नाही? दुकानात नेण्याआधी हे करा

मी द्रोणागिरीतून बोलतोय. पावसाळ्यात इथे लाईटची ये-जा, त्यात खाडीची खारी, दमट हवा. मित्रांचे फोन सुरू होतात, "लॅपटॉप मेला रे!" थांबा, दरवेळी तो मेलेला नसतो.

सगळ्यात आधी टचपॅड बघा. वर उचललाय? म्हणजे बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग बंद, दाबायचं नाही, थेट दुकान गाठा.

तसं नसेल तर त्याच सॉकेटला मोबाईल लावून बघा. सॉकेट चालतंय? मग अडॅप्टरचं लेबल वाचा. १९.५ व्होल्ट गुणिले ३.३४ अँपिअर, म्हणजे साधारण ६५ वॉट. टाइप-सी लॅपटॉपला मोबाईलचा साधा ५ व्होल्टचा चार्जर बसतो, पण पुरत नाही.

आता चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. बोर्डावर साठलेला चार्ज निघून जातो. मग फक्त चार्जर लावून चालू करा.

दिवे लागतात, पण स्क्रीन काळी? टॉर्च मारा. अंधुक चित्र दिसलं तर बिघाड स्क्रीनच्या बॅकलाइटकडचा.

तरीही दुकानात जावंच लागलं, तर ठणकावून सांगा, "फॉरमॅट मारू नका." मदरबोर्ड गेला तरी सुट्या एसएसडीवरचा डेटा सहसा शाबूत असतो. बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की लागेल. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का, हे आजच मोबाईलवर बघून ठेवा. लॅपटॉप नवा घेता येतो, फायनल इयरचा प्रोजेक्ट नाही!