फुकट ते पौष्टिक? कॅशबॅकचं गणित एकदा मांडून तर बघा!

*लाइट बिल, वायफाय, रिचार्ज एकाच कार्डावरून भरा आणि दर महिन्याला पैसे परत मिळवा, अशी ऑफर तुमच्याही मोबाइलवर आलीच असेल. पैसे खरंच परत येतात. प्रश्न एवढाच, की ते वाचतात का?*

वायफायचं बिल भरायला ॲप उघडलं, की वरच एक रंगीत पट्टी दिसते. ‘आमचं कार्ड घ्या, २५ टक्के कॅशबॅक मिळवा.’ तुम्ही ती बाजूला सरकवता. पुढच्या महिन्यात ती परत येते. मग फ्लॅटवरचा कुणीतरी म्हणतो, ‘अरे, बिल तर भरायचंच आहे ना? मग फुकटचे पैसे कशाला सोडायचे?’

मुद्दा बिनतोड वाटतो. वीज लागणारच, इंटरनेट लागणारच. हा काही शॉपिंगचा नाद नाही. म्हणूनच घरगुती बिलांना जोडलेली कार्डं इतर कार्डांपेक्षा सोज्वळ दिसतात. पण ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणण्याआधी कागद-पेन घ्या. गणित आठवीच्या पातळीचं आहे, घाबरू नका.

पैसे येतात कुठून?

तुम्ही दुकानात क्रेडिट कार्ड स्वाइप करता तेव्हा दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. साधारण दीड-दोन टक्के बँका आणि कार्ड नेटवर्क कापून घेतात. एक-दोन टक्क्यांचा कॅशबॅक या कमिशनमधून देणं बँकेला परवडतं. उलट साध्या बँक खात्यावरून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर २०२० पासून असं कमिशनच नाही. म्हणून तिथली स्क्रॅच कार्डं आता ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’वर येऊन थांबली आहेत.

पण १० किंवा २५ टक्के? एवढे पैसे कमिशनमधून निघत नाहीत. ते येतात कंपनीच्या मार्केटिंगच्या खर्चातून. तुम्ही दुसरीकडे जाऊ नये, म्हणून कंपनी ते मोजते. आणि बँकेला आशा असते, की दहातले काही ग्राहक तरी कधी ना कधी बिल थकवतील आणि व्याज भरतील. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

उदाहरण घ्या. २०२२ च्या मार्चमध्ये एअरटेल आणि ॲक्सिस बँकेनं मिळून एक कार्ड आणलं. एअरटेलच्या मोबाइल, ब्रॉडबँड आणि डीटीएचवर २५ टक्के, एअरटेलच्याच ॲपमधून भरलेल्या वीज-गॅस-पाण्याच्या बिलांवर १० टक्के, स्विगी-झोमॅटो-बिगबास्केटवर १० टक्के आणि बाकी खर्चावर १ टक्का. वार्षिक फी ५०० रुपये. वर्षाला दोन लाख खर्च केला तर फी माफ. ऑफर दमदार होती, यात वाद नाही. पण तिचे सांधे बघा. वायफाय त्याच कंपनीचं हवं, वीजबिल त्याच ॲपमधून हवं आणि प्रत्येक मोठ्या टक्केवारीवर महिन्याची मर्यादा. अशा कार्डांच्या अटी मधूनमधून बदलतातही, त्यामुळे मित्रानं दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. आजची अट आज वाचा.

आता फ्लॅटचा हिशोब

समजा, पुण्यात तुम्ही तिघं मिळून वन बीएचकेत राहता. लाइट बिल महिन्याला १,५०० रुपये, वायफाय ८०० रुपये. कार्ड वर सांगितल्यासारखंच आहे. विजेवर १० टक्के म्हणजे १५०, वायफायवर २५ टक्के म्हणजे २००. महिन्याचे ३५० झाले. वर्षाचे ४,२००. त्यातून फी ५०० आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून ५९० वजा करा. हातात उरले ३,६१०.

म्हणजे फायदा झाला की! हो, झाला. हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. नियमितपणे, वेळेवर, पूर्ण बिल भरणाऱ्याला अशी कार्डं खरोखर पैसे मिळवून देतात. पण हा आकडा टिकवायला चार चाळण्यांतून पार व्हावं लागतं.

पहिली चाळणी : मूळ किंमत

तुमच्या सोसायटीत लोकल केबलवाला तेवढ्याच स्पीडचं वायफाय ५०० रुपयांत देतोय असं समजा. कार्डवालं ८०० चं. त्यातून २०० परत आले तरी ते पडलं ६०० ला. म्हणजे २५ टक्के कॅशबॅक मिळवूनही तुम्ही दर महिन्याला १०० रुपये जास्तच मोजले! कॅशबॅकची टक्केवारी मोठ्या अक्षरात छापतात, दुसरीकडचा दर कुणी छापत नाही. तो तुम्हीच विचारायचा. सर्व्हिस चांगली म्हणून जास्त पैसे मोजणं ठीक आहे, पण मग ती निवड सर्व्हिससाठी आहे, बचतीसाठी नाही, एवढं मनाशी स्पष्ट असू द्या.

दुसरी चाळणी : बारीक शुल्कं

बिल कुठल्या ॲपमधून भरता, यालाही किंमत आहे. गुगल पेनं २०२५ च्या सुरुवातीला क्रेडिट किंवा डेबिट कार्डानं भरलेल्या बिलांवर ०.५ ते १ टक्का आणि वर जीएसटी असं शुल्क लावलं. बँका तर त्याआधीच जाग्या झाल्या होत्या. १ मे २०२४ पासून येस बँकेनं महिन्याला १५,००० च्या वर आणि आयडीएफसी फर्स्ट बँकेनं २०,००० च्या वर गेलेल्या युटिलिटी बिलांवर बहुतेक कार्डांसाठी १ टक्का शुल्क सुरू केलं. तिघांच्या फ्लॅटचं बिल एवढं होत नाही. पण ‘सगळ्या मजल्याची बिलं माझ्याच कार्डावरून भरतो’ असा धंदा काढायचा विचार असेल, तर आधी हे वाचा. दहा टक्के मिळत असताना एक टक्का गेला तर चालेल. पण एक टक्का कॅशबॅकसाठी एक टक्का शुल्क अधिक जीएसटी मोजणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

तिसरी चाळणी : एक चुकलेला महिना

सगळ्यात मोठी चाळणी हीच. समजा, वीज-वायफायसोबत त्याच कार्डावर जेवणाच्या ऑर्डरी, ट्रेकचे बूट, बसचं तिकीट असं करत बिल गेलं १२,००० वर. महिनाअखेर आहे, खात्यात पैसे नाहीत. ॲप गोड आवाजात म्हणतं, ‘मिनिमम ड्यू फक्त ६०० रुपये!’ तुम्ही ते भरता आणि सुटलो म्हणता.

सुटलेले नसता. उरलेल्या ११,४०० वर महिन्याला साडेतीन टक्के दरानं व्याज होतं ३९९ रुपये. त्यावर जीएसटी सुमारे ७२. म्हणजे ४७१. तुमचा महिन्याचा कॅशबॅक होता ३५०. एकाच महिन्यात गणित उलटं फिरलं. शिवाय हा अंदाज सौम्य आहे. थकबाकी राहिली की बिनव्याजी मुदत संपते, व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून लागतं. महिन्याचे साडेतीन टक्के म्हणजे वर्षाचे ४२. शैक्षणिक कर्जाचा दर आठवा आणि शेजारी हा आकडा लिहून बघा.

किमान रक्कमही भरायची राहिली तर लेट फी वेगळी आणि क्रेडिट स्कोअरवर डाग वेगळा. तो ३०० ते ९०० मधला आकडा आज निरुपयोगी वाटतो. पण पुढे बाइकसाठी, परदेशी शिक्षणासाठी कर्ज मागायला जाल, तेव्हा बँक आधी तोच बघते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाल्यावरच बँक तुम्हाला थकबाकीदार म्हणून कळवू शकते. हे तीन दिवस जीव वाचवायला आहेत, सवय लावायला नाहीत.

चौथी चाळणी : आपलंच डोकं

कार्डानं पैसे देताना हात सैल सुटतो, हे नुसतं आईबाबांचं लेक्चर नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांमध्येच एक प्रयोग केला. बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली. काहींना सांगितलं, रोख द्यायचे. काहींना सांगितलं, क्रेडिट कार्डानं द्यायचे. तिकीट तेच, विद्यार्थी तसेच. पण कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. हा शोधनिबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा ना स्मार्टफोन होता, ना एका टॅपवर येणारी बिर्याणी.

वीजबिलाच्या कार्डाला फूड डिलिव्हरीचे १० टक्के उगाच जोडलेले नसतात. वीज तुम्ही कॅशबॅक मिळतो म्हणून जास्त जाळणार नाही. पण ४०० ची ऑर्डर ‘४० परत मिळतात ना’ म्हणून नक्की कराल. मेस लावलेली असताना केलेल्या त्या ऑर्डरीत ४० वाचले नाहीत, ३६० गेले. महिन्यात अशा दोनच ऑर्डरी जास्तीच्या झाल्या, की वीज आणि वायफायचा सगळा कॅशबॅक पोटात गडप!

टीटीएमएम, पण धोका कुणाचा?

फ्लॅटवर राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी जाहिरातीत कधीच नसते. कार्ड एकाच्या नावावर असतं. खर्च तिघांचा, कॅशबॅक एकाच्या खात्यात. बाकीचे दोघं म्हणणार, ‘आमचाही वाटा दे.’ वाटा द्यायला हरकत नाही, पण मग जबाबदारीही वाटून घ्या. रूममेटनं पैसे पाठवायला दहा दिवस लावले, परीक्षा संपवून तो गावाला निघून गेला, तर व्याज आणि स्कोअर दोन्ही कार्डवाल्याच्या माथी. टीटीएमएम खर्चाचं होतं, कर्जाचं होत नाही. म्हणून नियम आधीच ठरवा. बिल जनरेट झाल्यापासून तीन दिवसांत आपापला वाटा यूपीआयनं यायला हवा. ज्याचा येणार नाही, त्याला त्या महिन्याचा कॅशबॅक नाही. मैत्रीत हिशोब कसला, असं म्हणणाऱ्यांच्याच मैत्रीत हिशोबावरून भांडणं होतात.

कार्डाशिवायची बचत

गंमत म्हणजे काही बचत कुठल्याच कार्डाशिवाय समोर पडलेली असते. महावितरणचं बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर कर आणि शुल्क वगळून १ टक्का सूट मिळते. ऑनलाइन भरलं तर ०.२५ टक्का. छापील बिल नको, ईमेल चालेल, असं ‘गो ग्रीन’मध्ये नोंदवलं तर बिलामागे १० रुपये. त्यासाठी घरमालकांना विचारावं लागेल, एवढंच. १,५०० च्या बिलावर हे सगळं मिळून पंचवीसेक रुपये होतात. फार नाहीत. पण ना फी, ना व्याज, ना मोह. आणि मुदत चुकवली तर १.२५ टक्के विलंब आकार ठरलेला आहेच.

खरी बचत मात्र मीटरमध्ये आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटनंतरचं युनिट जवळपास दुप्पट महाग होतं, वहन आकार धरून दहा रुपयांच्या पुढे जातं. साधा पंखा साधारण ७५ वॅटचा, बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास चालवला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात, म्हणजे साधारण १६० रुपये. मघाच्या हिशोबातला विजेवरचा कॅशबॅक होता १५०! पंखा विकत घ्यावा लागतो हे खरं, पण दीड-दोन वर्षांत पैसे वसूल होतात आणि फ्लॅट सोडताना तो काढून नेता येतो. पंख्याचं जमत नसेल तर दोन किलोवॅटच्या गिझरकडे बघा. तो रोज अर्धा तास कमी तापला, तर महिन्याला ३० युनिट वाचतात. म्हणजे तीनशे रुपयांच्या वर, एकही फॉर्म न भरता.

मग कार्ड घ्यायचं की नाही?

नियमित कमाई असेल, स्टायपेंड असेल, बिल दर महिन्याला पूर्ण भरण्याची शिस्त असेल आणि आधीपासून त्याच कंपनीची सेवा वापरत असाल, तर जरूर घ्या. त्या कार्डावर फक्त बिलं ठेवा, जेवण आणि शॉपिंग नको. पण पॉकेटमनी महिनाअखेर संपतोच असा अनुभव असेल, तर थांबा. पहिला पगार येईपर्यंत ही ऑफर नाही तर दुसरी येईल. कॅशबॅक देणाऱ्यांचा आजवर कधी दुष्काळ पडलेला नाही.

सही करण्याआधी पाच प्रश्न

• कॅशबॅक वजा करून पडणारी किंमत दुसऱ्या कंपनीच्या साध्या दरापेक्षा खरंच कमी आहे का?

• महिन्याची कमाल मर्यादा किती? माझं बिल तिच्यात कुठवर बसतं?

• वार्षिक फी, जीएसटी आणि ॲपचं शुल्क वजा केल्यावर वर्षाला हातात किती उरतात?

• गेल्या सहा महिन्यांत महिनाअखेर माझ्या खात्यात पूर्ण बिल भरण्याएवढे पैसे किती वेळा होते?

• कॅशबॅक नसता, तर मी हा खर्च केला असता का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढचं गणित मांडायची गरजच नाही.