कर्ज, कोर्ट आणि वकील (भाग ६) : फी आधी की हप्त्याने?

या आठवड्यात ‘मीन्स टेस्ट’ (दिवाळखोरीसाठीची उत्पन्नाची चाचणी) समजून घ्यायची होती. ती पुढच्या भागात. मध्येच न्यू जर्सीहून एका मराठी वाचकाची विचारणा आली आणि तिला आधी उत्तर देणं भाग आहे.

हे गृहस्थ एच-वन-बी व्हिसावर आहेत. नोकरी आहे, पण क्रेडिट कार्डं आणि हॉस्पिटलची बिलं हाताबाहेर गेली आहेत. नागरिक नसताना अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करता येतो का? येतो. दिवाळखोरी संहितेचं कलम १०९ नागरिकत्व विचारत नाही. तिथे राहणारा माणूस अर्ज करू शकतो. खरा पेच पुढे आहे. एका वकिलाने त्यांना चॅप्टर ७ (बहुतेक कर्जं थेट माफ करणारी दिवाळखोरी) सुचवून सगळी फी आधी मागितली. दुसऱ्याने चॅप्टर १३ (हप्त्यांनी कर्ज फेडायची दिवाळखोरी) सुचवलं आणि आत्ता एक डॉलरही नको म्हणाला. साहजिकच दुसरा त्यांना भला वाटतो आहे.

घाई नको.

चॅप्टर ७चा वकील आधी पैसे मागतो, त्यात हावरेपणा नाही. अर्ज दाखल होताना वकिलाची फी बाकी असेल, तर तेही एक कर्जच. इतर कर्जांबरोबर ते सहसा माफ होऊन जातं. शिवाय २००४ साली लॅमी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ट्रस्टीने (ऋणकोची मालमत्ता सांभाळणाऱ्या विश्वस्ताने) रीतसर नेमलेला नसेल तर ऋणकोच्या वकिलाला चॅप्टर ७च्या मालमत्तेतून फी मिळणार नाही. मग तो आधीच घेणार. चॅप्टर १३मध्ये ऋणको तीन ते पाच वर्षं हप्ते भरतो आणि फी त्या हप्त्यांतूनच वळती होते. ही फी एकूण मात्र सहसा बरीच जास्त असते. हप्ते थकले की प्रकरण खारीज होऊ शकतं. मग कर्ज पुन्हा मानगुटीवर बसतं आणि वकिलाकडे गेलेले पैसे गेलेलेच.

याचं मन विषण्ण करणारं उदाहरण म्हणजे टेनेसीतलं मेम्फिस. पॉल कील या पत्रकाराने २०१७ साली ‘प्रोपब्लिका’त ते सविस्तर मांडलं. हातात रोकड नसलेली, बहुतांशी कृष्णवर्णीय माणसं तिथे चॅप्टर १३कडे वळत, कारण सुरुवातीला खिशात हात घालावा लागत नसे. हप्ते झेपत नसत, प्रकरण खारीज होई, आणि तीच माणसं पुन्हा अर्ज करत.

घर जप्तीच्या तोंडावर असेल आणि थकलेले हप्ते हळूहळू भरायचे असतील, तर चॅप्टर १३सारखा उपाय नाही. फक्त फी सोयीने देता येते म्हणून ते निवडणं चूक. तसं सुचवणारा वकील चांगला नव्हे.

हे पारखायला एक साधन आहे : फॉर्म २०३०. वकिलाला तो न्यायालयात भरावाच लागतो. वर तीन आकडे : ठरलेली फी, आधी मिळालेली आणि येणे बाकी. खाली या फीत कोणती कामं येतात आणि शेवटी कोणती येत नाहीत, ते लिहिलेलं असतं. हा शेवटचा परिच्छेद सर्वांत आधी वाचावा. एखाद्या धनकोने फसवणुकीचा दावा लावला तर तो लढण्याचं काम अनेकदा तिथेच वगळलेलं सापडतं. प्रकरणाचा क्रमांक ठाऊक असेल तर त्या वकिलाच्या जुन्या प्रकरणांतला हा फॉर्मही ‘पेसर’ या न्यायालयीन संकेतस्थळावर पाहता येतो. पानाला १० सेंट पडतात; तीन महिन्यांत ३० डॉलरपर्यंतचं बिल माफ असतं. फी अवाजवी वाटली तर कलम ३२९ खाली न्यायालय ती परत करायला लावू शकतं.

वकिलाला थेट विचारावं : तुमच्या चॅप्टर १३च्या किती अशिलांना शेवटी डिस्चार्ज (कर्जमाफी) मिळाला? आणि लेखी करार मागून घ्यावा. काम सुरू झाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत, अर्ज दाखल होण्याआधी, तो देणं कलम ५२८ने बंधनकारक आहे. करार हातात येईपर्यंत अर्जावर सही करू नका.