चिंधीची साक्ष
वस्त्रगाथा : लेखांक ९

मोहेंजोदडोच्या चांदीच्या भांड्याला चिकटून उरलेला सुती कापडाचा तुकडा आपण मागच्या लेखात पाहिला. धातूच्या क्षारांनी तो राखला, एरवी सिंधूकाठचे बहुतेक सारे कापड ओलाव्याने खाल्ले. इजिप्तमध्ये चित्र उलटे आहे. नाईलचे पाणी पोचत नाही त्या वाळूत पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून तिथले पाच हजार वर्षांपूर्वीचे कापड आजही पाहता येते. वाळूने सांभाळलेल्या या कापडाचे माणसांनी काय केले आणि ते वाचायला माणूस कसा शिकला, हा आजचा विषय.

पहिला प्रश्न तंतूचा. इजिप्तच्या ममी भारतीय मलमलीत गुंडाळल्या जात, असे आपल्याकडे अजूनही हौसेने सांगितले जाते. या प्रश्नाचा निकाल १८३४ मध्येच लागला आहे. इंग्लंडमधील क्लिदरो येथे कापडछपाईचा कारखाना चालवणारे जेम्स थॉमसन यांनी ममींवरच्या कापडाचे नमुने गोळा केले आणि ते क्यू येथील वनस्पती-चित्रकार फ्रान्सिस बाउअर यांच्याकडे सोपवले. बाउअर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कापसाचा वाळलेला तंतू चपटा आणि स्वतःभोवती वळलेला असतो. जवसाच्या खोडातून निघणारा तंतू गोलसर असतो आणि त्यावर बोरूच्या कांडीसारखी पेरे दिसतात. ममींचे कापड जवसाचे, म्हणजे लिननचे निघाले. भारतीय कापूस इजिप्तला पोचला हे खरेच आहे, पण तो फार नंतर, आणि मेलेल्यांसाठी नव्हे, तर जिवंत माणसांच्या व्यापारातून.

तो कापूस ओळखायचा कसा? इथे कामी येतो धाग्याचा पीळ. धागा उभा धरून भिंगातून पाहावा. पिळाच्या रेषा वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे उतरत असतील, तर अभ्यासक त्याला ‘एस’ पीळ म्हणतात. उलट दिशेने उतरत असतील, तर ‘झेड’. जवसाचा ओला तंतू वाळताना मुळातच ‘एस’ दिशेने वळतो. इजिप्तचे कारागीर जवसाच्या लांब पट्ट्या टोकाला टोक जोडून ओल्या करत आणि मग चातीवर पीळ देत, तोही ‘एस’. भारतात कापूस साधारणपणे ‘झेड’ पिळाचा कातला जाई. कातणाऱ्या हाताची सवय पिढ्यान् पिढ्या बदलत नाही. म्हणून रंग उडाला, नक्षी गेली, तरी बोटभर सुतावरून ते कोणत्या परंपरेत कातले गेले याचा अंदाज बांधता येतो.

पण भिंग कापडाजवळ पोचण्याआधी बहुतेक वेळा कात्री पोचली. १८८० च्या दशकापासून अखमीमसारख्या दफनभूमींतून रोमन आणि बायझंटाइन काळातले अंगरखे मोठ्या संख्येने बाहेर निघू लागले. साध्या लिननवर लोकरीच्या रंगीत विणीचे पट्टे आणि गोल नक्षी असे त्यांचे रूप. युरोपातल्या संग्राहकांना हवी होती ती नक्षी. विक्रेत्यांनी रंगीत भाग कापून काढले आणि उरलेले साधे कापड टाकून दिले. एकाच अंगरख्याचे तुकडे वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहालयांत जाऊन पडले. यात काय गेले? हे अंगरखे मागावरच आकार देऊन विणले जात. सुरुवात एका बाहीच्या कडेपासून होई, मग अंगाची रुंदी, मध्ये गळ्याची चीर, आणि शेवटी दुसरी बाही. ही सगळी विणकामाची बुद्धी साध्या कापडातच दिसते. नक्षीचा चौकोन सुंदर असतो, पण तो कुणाच्या मापाचा होता, किती वापरला, कुठे रफू केला, हे तो सांगू शकत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण तारखानचे. कैरोच्या दक्षिणेला असलेल्या या दफनभूमीत पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना १९१३ मध्ये मळक्या लिननचा एक ढीग सापडला. त्यात ना रंग होता, ना नक्षी. तरीही पेट्री यांनी तो टाकला नाही, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला पाठवला. १९७७ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या कापड-संवर्धकांनी तो स्वच्छ करायला घेतला, तेव्हा त्यातून एक शिवलेला पेहराव निघाला: व्ही आकाराचा गळा, बारीक चुण्या घातलेल्या बाह्या, आणि कोपराशी व काखेशी पडलेल्या सुरकुत्या. कुणीतरी तो खरोखर अंगात घातला होता. २०१५ मध्ये कार्बन कालमापन झाले, इ. स. पू. ३४८२ ते ३१०२ या दरम्यानचा काळ निघाला. जगातला हा सर्वांत जुना ज्ञात विणीव पेहराव एका नामांकित संग्रहालयात आहे, कारण पेट्री यांनी त्या चिंध्यांचीही नोंद ठेवली.

नोंदीचे मोल आपल्यालाही थेट लागू आहे. तांबड्या समुद्रावरील इजिप्तच्या बेरेनिके या बंदरात १९९४ पासून उत्खनन झाले. तिथे जॉन पीटर वाइल्ड आणि फेलिसिटी वाइल्ड यांनी ‘झेड’ पिळाचे भारतीय सुती कापड अभ्यासले. त्यात शिडाचे कापडही आहे. ते कोणत्या थरात मिळाले हे ठाऊक असल्याने त्याचा काळही सांगता येतो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर, म्हणजे आपल्या मराठवाड्यातले तेर, इथून भडोच बंदराकडे कापड जात असल्याचा उल्लेख आहे. बेरेनिकेचा एखादा तुकडा तेरचाच असे कुणी म्हणू शकत नाही, पण हा व्यापार होता याचा धागा दोन्ही टोकांनी हाताला लागतो.

म्हणून जुने कापड हाती आले, तर ते धुण्याआधी, कापण्याआधी, चौकटीत लावण्याआधी ते कुठून आले, कुणाचे होते, कसे वापरले, हे लिहून ठेवावे. संग्रहालयाचे कपाट असो की घरातली पेटी, कापडाला ते जोडूनच ठेवावे.

(पुढील लेखात : कैरोच्या फुस्तातमध्ये सापडलेली गुजरातची ठशांची छपाई)