वारा वर चढतो तेव्हा

 उल्हासनगरच्या एका वाचक बाईंच्या पत्रानं मला अडवून धरलंय. त्यांच्या सासूबाई फाळणीत सिंधमधून आल्या, तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. आजही बसल्या जागेवरून उठताना त्यांच्या छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात. तपासण्यांत काही निघत नाही. ‘सासूबाई म्हणतात वात आहे, हे म्हणतात वय झालं. इतक्या वर्षांनी याला आघात म्हणायचं का?’

न भेटलेल्या माणसाचं निदान मी करणार नाही. पण ‘वात’ वाचलं आणि मला लोवेल आठवलं.

लोवेल हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचं जुनं गिरणगाव. ख्मेर रूज राजवटीच्या तावडीतून वाचलेले हजारो कंबोडियन तिथं जाऊन वसले. एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या पावणेचार वर्षांत त्यांच्या देशात सुमारे १७ लाख माणसं भुकेनं, आजारानं आणि हत्यांत गेली. लोवेलला आलेले हे लोक दवाखान्यात जाऊन भीतीबद्दल बोलत नसत. ते सांगत, ख्यॉल चढतो. ख्यॉल म्हणजे वारा. तो रक्ताबरोबर अंगभर फिरतो आणि हातापायांतून बाहेर पडतो. तिथली वाट तुंबली की हातपाय गार पडतात, वारा उलटा फिरतो, छातीत शिरून श्वास कोंडतो, मानेच्या शिरा ताणतो आणि कानांत घोंघावतो.

त्यावरचा घरगुती उपाय म्हणजे नाणं. बाम चोळलेल्या पाठीवर नाण्याची कड कण्यापासून बाहेर, बरगड्यांच्या रेषेत ओढत न्यायची. लालजांभळे पट्टे उमटले की वारा निघाला. आपल्याकडची तुंबडी याच्याच नात्यातली. अमेरिकेत मुलांच्या पाठीवर असे पट्टे पाहून आईबाप मारतात असा संशय घेतला गेला. रात्री लेकराच्या उशाशी बसून नाणं फिरवणाऱ्या आईवर हा आळ! मला हे वाचून आजही कळ येते.

डेव्हन हिंटन हे मानसोपचारतज्ज्ञ ख्मेर भाषा बोलतात. लोवेलच्या रुग्णांना त्यांनी वाऱ्याबद्दलच विचारलं, आणि धागा हाती लागला. बाई झटकन उठते, जराशी भोवळ येते. तुमच्याआमच्यासारखी ती भिंतीला हात टेकून पुढं जात नाही. तिला वाटतं, वारा चढला, आता जीव जाणार. त्या धास्तीनं काळीज धडधडतं, आणि ती धडधडच वारा चढल्याची खूण ठरते. भोवळीबरोबर ती पहिली भोवळही परत येते, त्या पावणेचार वर्षांत भाताच्या खाचरात रिकाम्या पोटी राबतानाची. मान अवघडली की मातीच्या ओझ्याची कावड खांद्यावर येते. शरीरानं ते दिवस असे जपून ठेवलेले असतात.

अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३च्या निदानपुस्तिकेत ख्यॉलच्या झटक्याची नोंद केली. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या कंबोडियन वस्तीची एक पाहणी २००५मध्ये प्रसिद्ध झाली. निर्वासित होऊन दोन दशकं उलटली तरी तिथल्या ६२ टक्के प्रौढांमध्ये आघातोत्तर तणावाचा विकार आढळला होता. ‘इतक्या वर्षांनी’ या शब्दांवर माझं एवढंच म्हणणं आहे.

तेव्हा बाई, हृदयाच्या डॉक्टरांकडे जाणं चालू ठेवा. वाताचं बोलणं मात्र उडवून लावू नका. तो कुठून निघतो, कुठं जाऊन अडतो, वर चढला तर काय होईल असं वाटतं, हे सासूबाईंना त्यांच्या सिंधीतच विचारा आणि त्या सांगतील तेवढंच ऐका. सिंधमधलं त्यांनी आपणहून काढलं तर काढू द्या, तुम्ही खोदू नका. आणि त्या उठताना आधी पलंगाच्या कडेला घटकाभर बसू देत, हात धरायला कुणीतरी जवळ असू दे.