गोठ्यातून रुग्णालयात पोहोचलेली चाचणी

मनुष्याच्या शरीरात दडलेला क्षयसंसर्ग ओळखण्यासाठी आज वापरली जाणारी एक प्रमुख रक्तचाचणी मुळात गायींसाठी तयार झाली. ऑस्ट्रेलियात गोवंशीय क्षयरोगाच्या निर्मूलनाची मोहीम सुरू असताना ट्युबरक्युलिनची त्वचाचाचणी अडचणीची ठरत होती. सूज मोजण्यासाठी तिसऱ्या दिवशी तेच जनावर पुन्हा पकडावे लागे. विस्तीर्ण कुरणांत हे काम किती जिकिरीचे, हे पशुपालकाला सांगायला नको. म्हणून सीएसआयआरओ या संस्थेतील संशोधकांनी १९८०च्या दशकात एकदाच रक्त घेऊन भागेल अशी पद्धत विकसित केली.

क्षयजंतूंशी पूर्वी सामना झालेल्या टी पेशींना त्या जंतूची प्रथिने पुन्हा दिसली, की त्या इंटरफेरॉन गॅमा हे संदेशवाहक प्रथिन सोडतात. या प्रथिनाचे प्रमाण एलायझा किटने मोजतात. ताटलीच्या खळग्यांत चिकटवलेले एक प्रतिपिंड इंटरफेरॉनला धरून ठेवते, विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड त्यावर बसते आणि शेवटी टाकलेल्या द्रावणाला रंग चढतो. ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांशी तुलना करून रंगाच्या गडदपणावरून मात्रा काढली जाते.

याच तत्त्वावरील मानवी किटला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. पुढे त्यात ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिने वापरली जाऊ लागली. ती बीसीजी लशीच्या जंतूत नसतात. जन्मतःच बीसीजी टोचल्या जाणाऱ्या भारतात हा बदल मोलाचा आहे, कारण लशीमुळे त्वचाचाचणी सकारात्मक येऊ शकते. ही रक्तचाचणी त्या कारणाने फसत नाही.

तिचे यश मात्र नमुन्यावर अवलंबून असते. नमुना म्हटला की बर्फ, ही क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या हाताला पडलेली सवय येथे घातक ठरते. पेशी जिवंत राहिल्या तरच त्या प्रथिन सोडतील. किटच्या नळ्यांत थेट घेतलेले रक्त सामान्य तापमानात ठेवून १६ तासांच्या आत ३७ अंश सेल्सिअसच्या उबवणपेटीत जावे लागते व तेथे ते १६ ते २४ तास राहते. एका नळीत टी पेशींना सरसकट चेतवणारा पदार्थ असतो. त्यातही प्रतिसाद आला नाही, तर अहवाल ‘अनिर्णित’ लिहितात. रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण असल्यास किंवा नमुन्याची हेळसांड झाल्यास असे घडते.

सकारात्मक अहवाल म्हणजे क्षयरोग झाला, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. शरीरात संसर्ग शिरल्याची ती खूण आहे. संसर्ग सुप्त आहे की रोग सक्रिय झाला आहे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी थुंकीची तपासणी व छातीचा एक्स-रे लागतो. जंतू मनुष्याकडून आला की गोवंशाकडून, हेही ती सांगू शकत नाही, कारण वर उल्लेखिलेली दोन्ही प्रथिने मायकोबॅक्टेरियम बोव्हिसमध्येही असतात.

तत्त्व एकच असले, तरी किट वेगळे. मानवी इंटरफेरॉन ओळखणारे प्रतिपिंड गायीचे इंटरफेरॉन ओळखेलच असे नाही. म्हणून जनावरांचे रक्त मानवी किटवर तपासू नये आणि माणसांचे गोवंशाच्या किटवर. गोठ्यात बाधित जनावर आढळल्यास विस्तार कार्यकर्त्याने पशुवैद्यकाबरोबरच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रालाही कळवावे. त्या घरातील कोणाला दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला आहे का, मानेत गाठी आहेत का, आणि मुले धारोष्ण दूध पितात का, हे त्याच भेटीत विचारून घ्यावे.