दिवाळीचा किल्ला, तीन गावांतून!

दोस्तांनो, दिवाळीची सुट्टी लागली की पहिलं काम कोणतं? फराळाचे डबे उघडून बघणं? छे! किल्ला! माती कालवायची, विटा रचायच्या, अळीव पेरायचे आणि माळ्यावरून महाराज नि मावळे खाली काढायचे.

आमच्या सोलापूरच्या घरी हे दरवर्षी व्हायचं. पण भावंडं पांगली. एक पुण्याला गेला, एक हैदराबादला गेली, धाकटा इथंच राहिला. दोघांचा मी काका, एकाचा मामा. गेल्या दिवाळीत धाकट्यानं टुमणं लावलं, "काका, तिघांनी मिळून कॉम्प्युटरवर किल्ला केला तर? आपला भुईकोटच करू!"

कल्पना झकास. पण अडचण बघा. धाकट्याकडे जुना विंडोजचा कॉम्प्युटर, पुणेकराकडे लिनक्सचा लॅपटॉप आणि हैदराबादच्या बाईसाहेबांकडे आईचा अँड्रॉइड फोन. तिघांचं जमणार कसं?

माइनक्राफ्ट तुम्हाला ठाऊकच असेल. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत. जावा ही कॉम्प्युटरवरची आणि बेडरॉक ही फोनवरही चालणारी. दोघींची भाषा वेगळी, त्यामुळे फोनवाला थेट जावाच्या जगात शिरू शकत नाही. आपल्या सोलापुरात मराठी, कानडी आणि तेलुगू एकाच बाजारात चालतात, कारण मध्ये कुणीतरी दुभाष्या भेटतोच. इथंही 'गायझर' नावाचा एक दुभाष्या प्रोग्रॅम आहे. एकाचं बोलणं तो दुसऱ्याच्या भाषेत करून देतो.

आम्ही मात्र 'लुआंटी' घेतला. हा फुकट आहे आणि तिन्ही यंत्रांवर एकच भाषा बोलतो. फिनलंडच्या पेर्टू आहोला यांनी तो 2010 मध्ये सुरू केला. तेव्हा नाव होतं माइनटेस्ट, ते 2024 मध्ये बदललं. (आयफोनवाल्यांनी रागावू नका, त्यांच्यासाठी याचं अधिकृत ॲप नाही.)

आता सर्व्हर म्हणजे काय? कुणी म्हणेल, मोठ्ठं कपाटाएवढं यंत्र. तसं काही नाही. सर्व्हर म्हणजे कबड्डीतला पंच, आणि गुण लिहिणाराही तोच! तुम्ही वीट ठेवलीत की तुमचा फोन सर्व्हरला कळवतो. सर्व्हर तपासतो, वहीत नोंदवतो आणि बाकीच्यांना सांगतो. एकाच विटेवर दोघांनी कुदळ मारली तर ज्याचा निरोप आधी पोचला त्याला ती मिळते. खरं जग फक्त सर्व्हरवर असतं, तुमच्या पडद्यावर त्याचं चित्र दिसतं. म्हणून तर यंत्र कुठलंही चालतं. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 1978 मध्ये असाच खेळ केला होता. त्यात चित्रं नव्हती, नुसते शब्द!

सुरुवात घरच्या वायफायवर करा. लुआंटी उतरवला की आधी रिकामी पेटीच हाती येते. आतला खेळ आपण निवडायचा. आम्ही माइनक्लोनिया निवडला. नवं जग तयार करा, ते सुरू करताना 'होस्ट सर्व्हर'वर खूण करा, नाव आणि पासवर्ड द्या. दुसऱ्यानं 'जॉइन गेम'मध्ये तुमच्या कॉम्प्युटरचा घरातला पत्ता (बहुधा 192.168 नं सुरू होणारा) आणि 30000 हा पोर्ट टाकायचा. झालं! चित्रं, आवाज सगळं सर्व्हरच पाहुण्याला देतो.

पण पुणं आणि हैदराबाद? इथं आमचं घोडं अडलं. पुष्कळ घरांना इंटरनेट कंपनी मिळून एकच पत्ता देते. चाळीचा पत्ता आहे, खोली नंबर नाही, मग पोस्टमन फाटकातूनच परत! शेवटी मुंबईतला छोटा सर्व्हर महिन्याच्या भाड्यानं घेतला. मुंबईच का? तर काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. सोलापूर-मुंबई सुमारे 400 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सेकंदाचे 4 हजारांश. सिंगापूर गाठायचं तर किमान 35 हजारांश. वाटेतली यंत्रं आणखी वेळ खातात ते वेगळंच. फार उशीर झाला की तुम्ही ठेवलेली वीट हवेत गायब होते आणि भांडणं सुरू!

पाडव्यापर्यंत दुहेरी तट उभा राहिला. फोनवाली सगळ्यांत चपळ निघाली. आणि मग माझ्या हातून घोटाळा झाला. सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलीत एक ओळ असते. ती 'चालू' केली की तुमचा सर्व्हर जगाच्या यादीत दिसतो. काय होतं ते बघू या, म्हणून मी ती चालू केली आणि झोपलो. नव्या पाहुण्याला बांधायची-खणायची परवानगी आपोआप मिळते, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. सकाळी बघतो तर तटाला भगदाडं आणि आत लाव्हा! धाकटा जेवला नाही. हैदराबादचा फोन आला, "काका, माझा बुरूज कुठंय?" काय उत्तर देणार?

नशीब, रविवारी जगाच्या फोल्डरची एक प्रत काढून ठेवली होती. तीवरून बराचसा किल्ला परत आला. पण रविवारनंतरचे चार दिवस गेले ते गेलेच, आणि तिचा बुरूज नेमका त्यातलाच.

आता रोज रात्री सर्व्हर आधी बंद करतो, मग प्रत काढतो. चालू असताना काढलेली प्रत अर्धवट लिहिलेली निघू शकते. यादीची ओळ बंद केली. नव्या माणसाची बांधायची परवानगी काढून ती फक्त तिघांच्या नावानं दिली. आई-बाबांनो, तुम्हीही सर्व्हरवर एक नाव घेऊन ठेवा. गप्पांच्या खिडकीत कोण काय लिहितंय ते दिसतं. मुलांची खरी नावं, शाळा, फोन नंबर तिथं नकोत.

बुरूज पुन्हा बांधायला तिघं बसले तेव्हा भाऊबीज उलटून गेली होती. पुणेकर म्हणाला, या वेळी दगड काळा घेऊ. हैदराबाद म्हणाली, बुरूज माझा, दगड मी ठरवणार. धाकटा सिद्धेश्वर तलावाच्या बाजूचा खंदक खणत होता. त्यात पाणी सोडायचं की नाही, यावर अजून एकमत नाही.